त्र्यंबकदादांचा साबण

आम्ही जुने चारपाचजण कुठं बसलो आणि चहा आला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "मास्तर, तो साबणाचा किस्सा सांगा ना जी!" मी विचारतो, "कोणता?" कारण वाशीमच्या त्या कारखान्यातून सहा वर्षांत जेवढा साबण बाहेर पडला नसेल, तेवढे किस्से बाहेर पडले! चांगल्या चालत्या कारखान्यातल्या माणसाला काम असतं, त्याला कशाला सांगण्यासारखं काही सापडेल? आमच्याकडं दर हंगामात काहीतरी बिघडायचं. जे बिघडतं, ते माणूस विसरत नाही. साचत जातं.

कारखाना त्र्यंबकदादांचा. दादा मूळ रिठदचे, घरची शेती, दोघा भावांत धाकटे. स्वदेशीचे दिवस होते. एकदा अकोल्याच्या स्टेशनावर त्यांनी साबणाची खोकी उतरताना पाहिली आणि त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं.

"मास्तर, आपलं तेल मुंबईले जाते, साबन होऊन वापस येते. मधात जान्याची गरज काय हाय? अथीच न्हाऊ घालू ना त्याले!"

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं, इंग्रजी चार ओळी लिहिता येत होती. दादांनी मला शाळेतून उठवलं आणि मॅनेजर केलं. त्यांनी वाट्याची जमीन विकली आणि वाशीममध्ये एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम घेतलं. गावात बातमी पसरली, तेव्हा पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "रिठदच्या मानसानं रिठे इकावं. साबन कायले?"

आम्ही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

*

साबण शिजवायला दादांनी अकोल्याहून रहीम उस्तादांना आणलं. साठीचा माणूस, पांढरी दाढी, बोलणं मोजकं. कास्टिक सोड्याचं पाणी तयार झालं की जिभेच्या टोकानं चाखून ताकद सांगायचे. पहिला घाणा आम्ही करडीच्या आणि जवसाच्या तेलाचा काढला, कारण तेच घरचं होतं. उस्ताद म्हणाले होते, "दादा, इस तेल से नहीं जमेगा." दादांनी ऐकलं नाही.

तो जमलाच नाही! आठ दिवस झाले, पंधरा झाले, चौकटीत शिऱ्यासारखा मऊच्या मऊ.

"उस्ताद, हा जमत काहून नाही?"

"मैं तो बोला था, दादा. अब सब्र करो."

पोळा जवळ आला होता. दादा म्हणाले, माणसांना नाही तर बैलांना तरी होईल. तो सगळा शिरा डब्यात भरून रिठदला पाठवला. भावाचे दोन आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिळून वीसेक बैल त्यानं धुतले. पोळ्याला असे चमकले, की रिठदला कुणी असे बैल पाहिले नव्हते. दादा दोन दिवस छाती काढून फिरत होते.

तिसऱ्या दिवशी मोठे भाऊ दमणी जुंपून वाशीमला आले. उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "त्र्यंबक, पोया तं झाला. आता दसऱ्यापावतर बैलायच्या आंगावरची झूल काढता येत नाही, येवढं सांगाले आलो!"

कास्टिक जास्त झालं होतं. बैलांचे केस जागोजाग चट्टे पडून गळाले होते. दादा महिनाभर रिठदला गेले नाहीत.

*

पुढं उस्तादांच्या म्हणण्याप्रमाणे मोहाच्या बियांचं तेल आणलं, थोडं खोबरेल घातलं, आणि वडी जमली. पिवळसर, घट्ट, हातात धरली की बरं वाटायचं. आता नाव काय ठेवायचं? दादा म्हणाले, "हे काय इचारनं झालं मास्तर? वाशीममधी बसून बालाजीशिवाय दुसरं नाव हाय काय?"

वाशीमचा बालाजी म्हणजे सगळ्या मुलखाचं दैवत. आम्ही लाकडाचा ठसा करवून घेतला. वडीवर बालाजी उभा, खाली नाव. बाजारात नेली आणि दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या! दुसऱ्या बाजारीही तेच. दादांनी कढई मोठी करायचा विचार काढला.

तिसऱ्या बाजारी एकही वडी खपली नाही. चौथ्या बाजारीही नाही. दादांना कळेना. शेवटी त्यांनी एका बाईला थांबवून विचारलं, "मावशी, साबन बेकार निंगाला काय?"

"नाही बाप्पा, बेकार कायले? रोज हळदकुकू वाहातो ना!"

"साबनाले?"

"मंग? देवाच्या मूर्तीनं काय पाय घासाव काय?"

वाशीमच्या दर दुसऱ्या घरी देवघरात आमची वडी! कुणी तिला वस्त्र घातलं होतं, कुणी नैवेद्य दाखवत होतं. दादा गोदामात आले, ठसा उचलून बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "मास्तर, मानूस देव एकडाव घेते. साबन झिजला पाह्यजे, तवा दुसरा लागते."

मग नाव ठेवलं चांदणी. पण ज्यांच्या देवघरात आमची वडी होती, त्यांना वाटे, या माणसानं देव टाकून दिला. त्यांनी चांदणीला हात लावला नाही.

*

उस्तादांच्या कमरेला एक कापडी थैली असायची. कढई रटरटू लागली की ते आमच्याकडं पाठ करायचे, थैलीतून काहीतरी मूठभर टाकायचे आणि थैली पुन्हा खोचायचे. थोड्या वेळानं साबण दाणेदार होऊन वर यायचा, पाणी खाली राहायचं. ही जादू कशाची, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दादा फार मागं लागायचे. उस्ताद म्हणायचे, "ये मेरे उस्ताद की अमानत है."

तिसऱ्या वर्षी उस्तादांना खोकला लागला. हट्टानं अकोल्याला घरी गेले. पाठोपाठ निरोप आला, की वाचत नाहीत. दादा आणि मी मोटारीत बसलो. सबंध वाटभर दादा खिडकीबाहेर पाहत होते. मला ठाऊक होतं, त्यांना उस्तादांचं दुःख होतं आणि थैलीचंही होतं, आणि त्या दुसऱ्या दुःखाची त्यांना लाज वाटत होती.

उस्ताद खाटेवर पडले होते. अंगात काही उरलं नव्हतं. दादांनी हात हातात घेतला आणि थैलीचं नावही काढलं नाही. उस्तादच म्हणाले, "पूछो ना, दादा."

"आता राहू द्या, उस्ताद."

"नमक था."

"काय?"

"नमक. अपना खाने का नमक."

तीन वर्षं आम्ही त्या थैलीकडं देव्हाऱ्याकडं पाहावं तसे पाहत होतो! उस्तादांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "दादा, सब बता देता तो बूढ़े को कौन रखता?"

"म्या ठेवलं असतं, उस्ताद," दादा म्हणाले. उस्तादांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

*

पहिली मोठी ऑर्डर आली हिंगोलीहून. वासाच्या साबणाची! दादांनी गुलाबाचं अत्तर मागवलं, वड्या कागदात गुंडाळल्या, आणि आम्ही स्वतः बैलगाडीत माल घालून निघालो. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. हद्दीवर नाका होता. तिथं साध्या साबणाला एक जकात आणि वासाच्या साबणाला दुसरी, भारी.

नाक्यावरच्या मुन्शीनं वडी नाकाला लावली. पुन्हा लावली. मग रुमालात शिंकला.

"ज़ुकाम है. खुशबू समझ में नहीं आती. कल आओ."

"साहेब, वास हाय. आमीच सांगून राह्यलो ना! भारी जकात घ्या."

"तुम्हारे कहने से क्या होता है? हमको आना चाहिए."

दुसऱ्या दिवशीही सर्दी. तिसऱ्या दिवशीही सर्दी! वैशाखाचं ऊन. गाडीवर सावली नाही. साबणाला घाम फुटला, कागद वडीला चिकटले. दादांनी गावातून सुंठ आणि गूळ आणून मुन्शीला काढा करून पाजला. चौथ्या दिवशी सकाळी त्याचं नाक सुटलं. त्यानं वडी हुंगली, दुसरी हुंगली, पार खालची काढून हुंगली.

"इसमें तो खुशबू है ही नहीं! ले जाओ."

जकात साधी लागली. हिंगोलीच्या व्यापाऱ्यानंही वडी नाकाला लावली आणि तेच म्हणाला. "ह्यात वास कुठंय? मी वासाचा सांगितला होता." माल परत.

येताना नाक्यावर मुन्शीनं आम्हाला ओळखलं. म्हणाला, "क्यों दादा, बिका नहीं?"

*

हे मी हसत सांगतो. पण सुभद्रावहिनींचं सांगताना हसता येत नाही. दादांच्या त्या पत्नी. मजूर टिकत नसत, कारण कास्टिकनं हात फाटायचे. वहिनी टिकल्या. तारेनं वड्या कापायच्या, काठ घासायचे, ठसे मारायचे, सगळं त्याच करायच्या.

एका संक्रांतीला वहिनींना सुचलं, की हळदीकुंकवाला वाण म्हणून चांदणीच्या वड्या द्याव्यात. एका वकिलाच्या घरी वीसपंचवीस बायका जमणार होत्या. टोपली भरून मीच दारापर्यंत पोचवली. वहिनी नवं लुगडं नेसल्या होत्या. मनाला उभारी आली होती. त्यांनी सगळ्यांना वड्या वाटल्या. बायकांनी वास घेतला, वा वा केलं.

मग यजमानीणबाईंनी हळद लावायला वहिनींचा हात हातात घेतला. आणि तशाच थांबल्या.

"अगं बाई! हात कशानं झाले हो असे?"

वहिनी खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "साबनानं."

मी न्यायला गेलो, तेव्हा टोपली तेवढीच जड होती. बायकांनी जाताना वड्या ओट्यावर ठेवून दिल्या होत्या, एकीवर एक, नीट रचून. वहिनींनी त्या गोळा केल्या होत्या.

दादा कळवळून म्हणाले, "बनवताना झाले म्हनून सांगाचं होतं ना!"

वहिनी म्हणाल्या, "सांगतलं ना जी. तवर कोनी आयकाले होतं कुठी?"

त्यानंतर त्या कुणाकडं हळदीकुंकवाला गेल्या नाहीत.

*

आता तो खाण्याचा किस्सा, जो सगळ्यांना हवा असतो!

कुणीतरी उठवलं, की चांदणीत चरबी असते. कुणी उठवलं ते कळलं नाही, पण दोन बाजारांत विक्री बसली. दुकानदार माल परत पाठवू लागले. दादांनी शपथा घेतल्या, लोकांना बोलावून कढई दाखवली. "कढईत काय दिसते बाप्पा? चरबी वर उभी राहून नाव सांगते काय?" असं लोक म्हणायचे.

तिसऱ्या बाजारी दादा भर बाजारात गाडीवर चढले. मी खाली उभा. त्यांनी हात वर करून वडी दाखवली आणि ओरडले, "यात चरबी असन तं मी खाईन काय? पाहा!" आणि कचकन चावा घेतला!

बाजार थांबला. मिरच्यावाल्यानं तराजू खाली ठेवला. दादांनी दुसरा चावा घेतला. मी खालून म्हणालो, "दादा, पुरे." ते चावत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी फेस बाहेर येऊ लागला, दाढीवरून सदऱ्यावर. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "कसा लागते, दादा?"

दादा कसेबसे म्हणाले, "धंद्यासारका! गियता येत नाही, थुकताबी येत नाही!"

कुणी हसलं नाही. तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काईबी म्हन माय, फेस मातर चांगला येते!"

त्या दिवशी गाडीवरचा सगळा माल खपला. आणि दादांना दवाखान्यात न्यावं लागलं. घसा आतून सोलला होता. आठ दिवस फक्त दूध. आवाज बसला तो पुन्हा कधी पहिल्यासारखा झाला नाही. वहिनी पेला घेऊन उशाशी बसलेल्या असायच्या. एकदा मी तिथं असताना म्हणाल्या, "भाऊजी, इचारा याइले. आधी वावर खाल्लं, मंग साबन खाल्ला. आता काय खासान म्हना?"

दादांनी भिंतीकडं तोंड वळवलं.

*

मग जर्मनीची लढाई सुरू झाली. कास्टिक सोडा आधी महाग झाला, मग दिसेनासाच झाला. अकोल्याला गेलो, अमरावतीला गेलो, सगळीकडं हात हलवत परत. कढई थंड. दादा मात्र थंड होईनात. कुठंतरी त्यांनी ऐकलं, की राखेच्या पाण्यानंही साबण होतो. झालं! टोपली घेऊन दादा वाशीमच्या गल्ल्यांत घरोघर राख मागू लागले. शेतीवाडीच्या घरचा माणूस, बसलेल्या आवाजानं दारादारात उभा.

एका दारात मी त्यांच्याबरोबर होतो. बाई भांडी घासत बसली होती.

"राख पाह्यजे? मंग मी भांडे कायनं घासू?"

"माह्या साबनानं घासजा ना बाई."

"तुमचा साबन कायचा बनते?"

"राखेचा."

बाईनं हातातल्या राखेकडं पाहिलं, मग दादांकडं पाहिलं. "मंग राखच काय वाईट हाय जी?"

दादांनी टोपलीतली राख तिच्या चुलीजवळ ओतली आणि म्हणाले, "चला मास्तर." कारखाना त्या दिवशी संपला.

*

शेवटचं सांगतो.

लढाईमुळं लोखंडाला भाव आला होता. अकोल्याचा एक भंगारवाला कढई घ्यायला आला. ती भट्टीत बांधलेली होती, म्हणून त्याची माणसं मागं पहारीनं विटा उकलत होती. वहिनी सकाळीच रिठदला गेल्या होत्या. दादा आणि मी गोदामाच्या दारात, उलट्या खोक्यांवर बसलो होतो. मी वही घेऊन सामानाची यादी करत होतो.

एक बैलगाडी येऊन थांबली. धुळीनं माखलेला एक शेतकरी उतरला. डोक्याचा शेला सोडून त्यानं तोंड पुसलं.

"चांदनी साबनाचा कारखाना हाच काय जी?"

दादा उठून उभे राहिले. "हाच."

"मी केनवडचा. पोरीचं लगन हाय. ते म्हने, बाबा, न्हानासाठी चांदनीचाच साबन पाह्यजे. दुकानात पाह्यला, नाही भेटला. म्हनलं, कारखान्यातच जाव."

सहा वर्षांत आम्ही साबण घेऊन गावोगाव हिंडलो होतो. आपल्या पायांनी साबण मागायला कारखान्याच्या दारात आलेला हा पहिला माणूस! मी सांगायला तोंड उघडलं, की बाबा, कारखाना... दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

"बसा ना जी. लंबून आले. मास्तर, पानी द्या पावन्याले."

पाहुणा बसला. दादांनी आपलं खोकं त्याला दिलं आणि स्वतः उभे राहिले.

"किती वड्या पाह्यजेत?"

"दोन डझन. घरचे पावनेबी लय हायेत."

"लगन कवा हाय?"

"अजून पंधरा रोज हायेत."

"काय नाव पोरीचं?"

"गंगू."

तेवढ्यात मागं पहार बसली आणि कढई भट्टीतून सुटली. मोठा आवाज झाला. केनवडवाल्याचे बैल बुजले. तो उठून आत डोकावला. चार माणसं कढई कलती करून दाराकडं ओढत आणत होती.

"हे काय चालू हाय जी?"

दादांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"थे होय? लहान पडते ना आता. मोठी आनून राह्यलो," दादा म्हणाले. "मास्तर, लिहून घ्या. केनवड. गंगूचं लगन. दोन डझन."

मी लिहून घेतलं.